पुढे बसणारीनं बोलायचं असतं

वन्सं, तुम्हाला जाऊन महिनाही झाला नाही आणि मी पुन्हा तुमच्याशी बोलायला बसले आहे. हे लिहून झालं की श्रीधरकडे कॅनडाला पाठवीन. तिथे मीनल आणि निखिल ही आपली नातवंडं वाचतील. त्या दोघांचं मराठी आता घरात बोलण्यापुरतं उरलं आहे, म्हणून सोपं लिहायचं ठरवलं आहे. तुम्ही म्हणायचात, "वहिनी लिहायला बसल्या की आधी कपाट आवरतात, मग टेबल आवरतात, आणि मग म्हणतात, आता स्वयंपाकाची वेळ झाली." आज कपाट तसंच आहे.

मीनलचा फोन आला तेव्हा तुम्ही खिडकीखालच्या कॉटवर होतात. तिची उन्हाळ्याची सुट्टी, होडी शिकायचं शिबिर आणि बर्फ वितळून फुगलेली नदी, असं सगळं ती एका दमात सांगत होती. "आजी, आत्याआजीला विचार ना, पाणी जास्त असलं की होडी कशी चालवायची? इथले सर शिकवतात, पण बाबा म्हणतात आत्याआजीला सगळं येतं." मी तो प्रश्न तुमच्या कानाशी वाकून ओरडून सांगितला. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "तिला सांगा, पहिली गोष्ट म्हणजे चालवायची नाही."

मी तसंच सांगितलं. पोरगी हसली. "आणि दुसरी?"

"दुसरी उद्या सांगते म्हणावं."

त्या रात्रीपासून तुम्हाला ताप चढला आणि दुसरी गोष्ट राहून गेली. तेव्हा दुसरीपासून पुढचं मी सांगते. सगळं तुमच्याकडूनच शिकलेलं आहे. कुठे चुकलं तर ऐकून घ्या, मध्येच तोडू नका. तुम्हाला ती सवय फार होती.

मुलांसाठी आधी एवढं सांगायला हवं, की तुम्ही त्यांच्या आजोबांची धाकटी बहीण. कर्जतच्या खाली, उल्हास नदीच्या काठी आपलं घर आणि पलीकडच्या तीरावर शेत. मी बी.ए. होऊन पुण्याहून या घरात आले, तेव्हा तुम्ही एकोणीस वर्षांच्या होतात आणि नवरा गेल्यामुळे माहेरी परत आलेल्या होतात. हे मुंबईत नोकरीला, शनिवारी यायचे. मामंजी गेल्यावर होडीची वल्ही तुमच्या हाती आली. कुणी ती तुम्हाला दिली नाहीत आणि कुणी काढूनही घेतली नाहीत. ज्या बाईला हळदीकुंकवाला कुणी बोलवत नसे, तिच्या होडीत मात्र सगळे बसत.

मी पहिल्यांदा होडीत पाय टाकला तो थेट कडेवर. होडी कलली आणि मी गुडघाभर चिखलात बसले. तुम्ही हात द्यायच्या आधी पोटभर हसून घेतलंत.

"वहिनी, पुण्यात टांग्यात असंच चढतात का?"

"टांगा हलत नाही."

"घोडा हलतो की! मधोमध पाय टाका, लगेच खाली बसा. बसल्यावर उठायचं नाही. कुणी हाक मारली तरी नाही, विंचू दिसला तरी नाही."

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझी पाचवारी साडी काठावरच नापास केलीत. गोल नेसलेलं पातळ पाण्यात पाय बांधून टाकतं, असं तुमचं म्हणणं. मला तुमची नऊवारी नेसवलीत, कासोटा घट्ट खोचलात, पदर कमरेला गुंडाळलात. मग वाळलेल्या भोपळ्यांची जोडी पाठीवर आणून बांधलीत. मी म्हटलं, "मी काय भाजीवाली आहे?" तुम्ही म्हणालात, "बुडालात तर हीच भाजी वर ठेवील." गाठ अशी की एका हिसक्यात सुटावी, कारण भोपळा फांदीत अडकला तर तो सोडून निघता आलं पाहिजे. मीनल, तुमच्याकडे रंगीत जाकीट देतात ना? ते पोहता येणाऱ्यानेही घालायचं आणि काठावरच घालायचं. आत्याआजी पट्टीची पोहणारी होती, तरी पावसाळ्यात भोपळे बांधल्याशिवाय तिने कधी दोर सोडला नाही.

शिकवलंत तुम्ही संथ पाण्यात, वळणाच्या आत. प्रवाहात नेलंत ते फार नंतर. वल्ही मारता येऊ लागली आणि मला वाटलं, आता सरळ समोरचं आंब्याचं झाड गाठावं. सगळा जोर लावला आणि खालच्या स्मशानाच्या घाटाला जाऊन लागले. "लवकर आलात," तुम्ही म्हणालात. तेव्हा समजलं, की जिथे पोचायचं त्याच्या बरंच वरून निघायचं, होडीचं नाक थोडं प्रवाह येतो तिकडे वळवून धरायचं आणि मग पाण्यालाच आपल्याला पलीकडे सरकवू द्यायचं. पाण्याशी झुंज घेणारा अर्ध्यातच दमतो.

निघण्याआधी तुम्ही पाण्याच्या कडेला एक काटकी खोचायचात आणि भाकरी खायला बसायचात. भाकरी संपेपर्यंत काटकी बुडाली तर पाणी चढतं आहे, म्हणजे त्या दिवशी होडी नाही. काटकी कोरडी राहिली आणि तिच्याखाली ओला चिखल दिसला तर पाणी उतरतं आहे. आपल्याकडे पाऊस नसला तरी घाटावर असतो, आणि वीजघराचं पाणीही पेज नदीतून येऊन मिळतं, म्हणून आभाळाकडे बघून काही कळत नाही. एकदा मी घाई केली तेव्हा तुम्ही दुसरी भाकरी काढलीत.

एका उन्हाळ्यात, पाणी कमरेइतकं असताना, तुम्ही मुद्दाम होडी उलटी केलीत. मी नाकातोंडात पाणी जाऊन वर आले तर तुम्ही शांतपणे विचारत होतात, "होडी कुठं आहे?" होडी सोडायची नाही, पण तिच्या खालच्या अंगालाही, म्हणजे पाणी जातं त्या बाजूला, राहायचं नाही, नाहीतर तीच आपल्याला खडकावर दाबते. ती हातची गेलीच तर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, आणि तिरकं तिरकं काठाकडे सरकायचं. पाण्यात पडलेल्या झाडापासून जीव घेऊन लांब पळायचं. फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस तिथेच राहतो. हे सांगताना तुम्ही हसत नव्हतात.

आणि एक नियम, ज्यावर तुमचं माझं सगळं आयुष्य भांडणात गेलं. दोन वल्ह्यांनी होडी चालवणाऱ्याची पाठ पुढच्या बाजूला असते. त्याला समोरचं दिसत नाही. म्हणून पुढे बसणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे आणि बोलायचं. डावं-उजवं म्हणायचं नाही, कारण दोघांची तोंडं उलट, त्याचं डावं ते आपलं उजवं. "वर" किंवा "खाली" म्हणायचं. नदी कुठून कुठे वाहते हे दोघांनाही सारखंच दिसतं.

आता गौरीचं. मीनल, निखिल, आपल्याकडे भाद्रपदात गौरी येतात. आपल्या गौरी म्हणजे पाण्याकाठचे खडे. पलीकडच्या तीरावर जिथे आपलं मूळ घर होतं, तिथल्या झऱ्यातून ते वेचून आणायचे. आणणारीने तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि घरात गौर बसेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. गौर मुकी येते.

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सासूबाई मला कधी टोचून बोलल्या नाहीत, पण त्या वर्षी त्यांनी गौरीला सांगून ठेवलं, की सून स्वतः पलीकडून तुला घेऊन येईल, वाटेत ब्रसुद्धा काढणार नाही, तू तिची ओटी भर. मी तर्कशास्त्र शिकलेली. माझा यावर विश्वास नव्हता, पण मूल हवं होतं, फार हवं होतं, आणि "नाही" म्हणायला तोंड उघडेना.

आदल्या रात्री घाटावर पाऊस झाला. सकाळी नदी लाल आणि काठोकाठ. तुम्ही काटकी खोचून बसलात. सासूबाई तुम्हाला सांगायला घरातून तीनदा काठावर आल्या.

"इंदू, मुहूर्त टळेल."

"मुहूर्त दुपारपर्यंत आहे. पाणी उतरू दे."

"बरं. येताना ही पुढे बसेल. गौर पाठीमागून आणत नाहीत."

"पुढं बसणारीनं बोलायचं असतं, आई. मुकीला पुढं बसवून मी होडी सोडणार नाही."

"मग काय गौरीलाच ओरडायला सांगतेस?"

शेवटी तोडगा मीच काढला. शिकलेली ना मी! हातात तबक असेल, तोंडात पाणी, पण पाय मोकळे आहेत. ज्या बाजूला वळायचं तो पाय फळीवर आपटायचा. तुम्ही क्षणभर विचार केलात आणि मान हलवलीत. तुम्हीसुद्धा मान हलवलीत, वन्सं, हे विसरू नका.

काटकी कोरडी झाली. आपल्या शेतावर काम करणारा धर्मा दोर धरून उभा होता. तुम्ही त्याला विचारलंत, "धर्मा, उतरतंय ना रं पाणी?"

"उतरतंय ताई. पन माजा जीव काय उतरत नाय खाली. तुमी जावा, मी हितनं बगतो."

"नुसतं बघून काय करशील?"

"घरी सांगाया कोन तरी पायजे का नाय?"

जाताना काही झालं नाही. मी पुढे बसून पोपटासारखी बोलत होते. झऱ्यातून खडे वेचले, तबकात हळदीकुंकू वाहून वर नवं कापड टाकलं, चूळ भरली आणि दोन्ही हातांनी तबक धरून पुढे बसले. तुम्ही काठाने चालत होडी बरंच वर ओढत नेलीत आणि मग आपण निघालो. उजव्या हाताला नदीची वरची बाजू. तुमची पाठ माझ्या पाठीला. वल्ह्यांचा आवाज आणि माझ्या गालात कोमट होत चाललेलं पाणी, एवढंच मला आठवतं.

मधल्या धारेत आलो आणि वरून झाड येताना दिसलं. मुळांसकट, आडवं, फांद्या पाण्यात बुडत आणि वर येत. झाडाच्या पुढून निसटायचा मोह धरायचा नाही, नाक वर करून थांबायचं आणि त्याला आपल्या पुढून खाली वाहून जाऊ द्यायचं, हे तुम्ही शिकवलेलं मला पाठ होतं. म्हणून मी वरच्या बाजूचा, माझा उजवा पाय जीव खाऊन आपटला. तुम्ही लगेच वळवलीत. तुमच्या उजवीकडे. म्हणजे खाली.

होडी आडवी झाली. मी पुन्हा उजवा पाय आपटला, तुम्ही आणखी खाली वळवलीत. डावं-उजवं नको हा तुमचाच नियम, आणि तो आपण दोघींनी मिळून पायांत बांधून आणला होता. झाडाची मुळं आता मला मोजता आली असती. माझ्या तोंडात चार वर्षं भरून धरलेली होती, वन्सं. ती मी नदीत थुंकले आणि ओरडले, "वर! वर! वन्सं, वर घ्या!"

तुम्ही एका वल्ह्यावर सगळं अंग टाकलंत. होडी गर्रकन फिरली. एक फांदी माझ्या खांद्याला खरवडून गेली, तबकावरचं कापड तिने ओढून नेलं आणि झाड आपल्या पुढून खाली निघून गेलं. खडे जागच्या जागी होते.

मी रडायला लागले. "मी बोलले, वन्सं. मी बोलले. आता काय?"

तुम्ही मान वळवून माझ्याकडे पाहिलंत. मग एक वल्हं मांडीखाली दाबून धरलंत, मोकळ्या हाताने नदीतलं ते लाल पाणी तोंडात घेतलंत आणि पुन्हा वल्हवायला लागलात. मी काय काय बोलत होते, तुम्ही एकाही शब्दाला उत्तर दिलं नाही. काठाला लागल्यावर माझ्या हातातून तबक घेतलंत आणि दोर माझ्या हातात दिलात.

सासूबाई दारात उभ्या होत्या, पायांवर घालायला दूध-पाणी घेऊन. सुनेऐवजी लेक येताना दिसली. पांढऱ्या कपाळाची, हातात गौर, गाल फुगलेले. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "सुनबाई, हे काय?"

मी सांगितलं. "पाण्यात झाड आलं. मी ओरडले. तेव्हापासून वन्सं मुक्या आहेत."

तुम्ही उंबऱ्याबाहेर उभ्या. सासूबाई मागे फिर म्हणाल्या असत्या तर तुम्ही फिरला असतात, हे मला तुमच्या पावलांवरून दिसत होतं. विधवेच्या हातून गौर आणलेली आपल्या वाडीत कुणी पाहिली नव्हती. माझी ओटी, त्यांचा शब्द, सगळं त्या तबकात होतं.

"पाय पुढे कर, इंदू," सासूबाई म्हणाल्या. "गौरीला किती वेळ दारात उभी ठेवशील?" आणि त्यांनी वाकून तुमच्या पायांवर दूध-पाणी घातलं. कुंकवाची पावलं काढताना त्यांचं बोट एकदा घसरलं, बाकी नीट काढली.

तुम्ही गौर पाटावर ठेवलीत, मागच्या दारी जाऊन चूळ टाकलीत, खोकलात, आणि तुमचा पहिला शब्द मला अजून ऐकू येतो. "वहिनी, होडी नीट बांधलीत का?"

पुढच्या श्रावणात श्रीधर झाला.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायची, "मी ओरडले म्हणून हा झाला. बुडाले असते तर कुठून होणार होता?" तुम्ही म्हणायचात, "मी गप्प बसले म्हणून झाला. गौर मुकी आली." मी म्हणायची, हे तर्काला धरून नाही. तुम्ही म्हणायचात, "तुमचा तर्क पाय आपटत होता, वहिनी." श्रीधरच्या बारशाला, मुंजीला, त्याच्या लग्नात विहीणबाईंसमोर, कुठे म्हणून हे भांडण झालं नाही! तो परदेशी गेला त्या दिवशी आपण दोघी परत येताना टॅक्सीत रडत होतो आणि मध्येच तुम्ही म्हणालात, "पण मी गप्प बसले म्हणूनच हं." रडता रडता हसू आलं.

दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी आपण होऊन तुम्हाला गौर आणायला सांगितलं. मला किती आनंद झाला होता! आणि तुम्ही म्हणालात, "मग वल्हवणार कोण? या? गौर कल्याणच्या खाडीत जाऊन बसेल." मी रुसले. तुमच्यासाठी एवढं दार उघडलं आणि तुम्ही आत येत नाही, असं मला वाटलं. तुम्ही मात्र मला शिकवत राहिलात, आणखी दोन पावसाळे, मी तुम्हाला पुढे बसवून पलीकडून आणू शकेन इतकी तयार होईपर्यंत. मग एका वर्षी काही न बोलता तुम्ही तबक घेऊन पुढे बसलात. येताना वल्ही माझ्या हातात होती. तुम्ही तोंडात चूळ धरून, तबक मांडीवर ठेवून, एका हातात देवाची घंटी घेऊन वरच्या बाजूला बघत होतात. एकदा वाजली की वर, दोनदा वाजली की खाली. तोडगा या वेळी तुमचा होता आणि तो चालला. सासूबाई होत्या तोवर आणि नंतरही, एक वर्ष तुम्ही, एक वर्ष मी.

तुम्ही गेलात आणि श्रीधर आला. येताना तीन दिवसांचं तिकीट घेऊन आला. तुमच्या अस्थी मधल्या धारेत सोडायच्या होत्या, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. नदी भरून चालली होती. मी त्याला काटकी खोचायला लावली. ती बुडाली.

"आई, परवा विमान आहे माझं."

"विमानाला सांग, पाणी चढतंय."

तिकीट बदललं. चौथ्या दिवशी पाणी उतरलं, तेव्हा आम्ही निघालो. त्याने रबरी जाकीट आणलं होतं, ते मला घातलं आणि स्वतःसाठी धर्माच्या नातवाकडून ट्रकच्या चाकाची ट्यूब आणली. तो वल्हवत होता, तुमच्याइतकं नाही, पण बरं. मी पुढे बसले. "वर," "खाली," "थांब," एवढंच बोलत होते. मधल्या धारेत तुम्हाला सोडलं. तुम्ही फार चटकन गेलात.

परत येताना, पाठ माझ्याकडे असतानाच त्याने विचारलं, "आई, आत्या नेहमी म्हणायची, ती गप्प बसली म्हणून मी झालो. तू म्हणतेस, तू ओरडलीस म्हणून. आता तरी सांग, खरं काय?"

माझी बाजू मला तोंडपाठ आहे. ती मी सांगितली. मग तुमची सांगितली, तुमच्याच आवाजात, पाय आपटणाऱ्या तर्कासकट. तुम्ही नव्हतात म्हणून तिच्यात काही कमी पडू दिलं नाही. तो ऐकत राहिला. वल्ही थांबली होती आणि होडी खाली सरकायला लागली होती.

"म्हणजे नक्की काय?" तो म्हणाला.

"अजून ठरलेलं नाही," मी म्हटलं. "तू वर घे."